गोराईची भरती आणि ऑक्टोबरचे ऊन

शाळांना दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या वस्तीतल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो. आपल्याकडे दिवाळी नसली तरी सुट्टी सगळ्यांच्या मुलांना सारखीच असते आणि शेजारच्या खोलीतला तळणाचा वास काही जात विचारून आत येत नाही. मुले म्हणतात, कुठेतरी चला. गावी जावे तर जाण्यायेण्याच्या भाड्यातच बोनस संपतो. राणीची बाग दोनदा पाहून झालेली असते. मग कोणीतरी गोराईचे नाव काढते.

मुंबईच्या पोराटोरांना गोराई माहीत झाली ती १९८९ साली तिथे एस्सेल वर्ल्ड उघडल्यापासून. टी.व्ही.वरची त्याची जाहिरात मुलांना पाढ्यांपेक्षा जास्त पाठ होती. पुढे १९९८ साली त्याच्या शेजारी पाण्याच्या खेळांचे वॉटर किंगडम आले. कोरोनाच्या साथीनंतर एस्सेल वर्ल्ड बंद पडले. ते मोठाले पाळणे आता आमच्या पिढीच्या आठवणीतच फिरतात. पण गोराईचा समुद्र जागच्या जागी आहे आणि २००९ पासून त्याच आवाराला लागून विपश्यनेचा भव्य पॅगोडा उभा आहे. त्यामुळे आपली माणसे आजही कुटुंबकबिल्यासह तिकडे जातात आणि नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जातात. त्या दिवसांत तिथली हवा आणि समुद्र कसा असतो, हे जाण्यापूर्वी माहीत असलेले बरे. आम्हाला ते जाऊन कळले, आणि फार उशिरा कळता कळता राहिले.

ते साल १९९५. ऑक्टोबरच्या २४ तारखेला सकाळी सूर्यग्रहण झाले होते. मुंबईत ते खंडग्रास होते. वस्तीतली बरीच दारे-खिडक्या बंद, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पाने. आम्ही मात्र पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून जमिनीवर पडलेली चंद्रकोरीसारखी उजेडाची खूण मुलांना दाखवली होती. ग्रहणाला भ्यायचे नसते, चंद्र सूर्यासमोर येतो इतकेच, असे मोठ्या ऐटीत सांगितलेही होते. दोनच दिवसांनी त्याच चंद्राने आम्हाला धडा दिला.

आम्ही दोघे, आई, दहा वर्षांचा थोरला, सहा वर्षांची धाकटी आणि मुलांचा मामा असे सहा जण निघालो. बोरिवलीला उतरून बसने खाडीवर, तिथून होडीने पलीकडे. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, चिखलात एका पायावर उभे बगळे, डिझेलचा वास. सगळ्यांची तिकिटे काढणे आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. घरीच ठरले होते की थोरल्याला घेऊन मामाने पार्कात जायचे आणि बाकीच्यांनी समुद्रावर बसायचे. धाकटीला सांगितले, तू पुढच्या वर्षी. तिने होडीत तोंड फुगवले ते टांग्यात बसेपर्यंत. टांग्याच्या घोड्याने मात्र तिचा राग घालवला.

साडेनऊच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो. पाणी दूर होते आणि वाळू मैदानासारखी पसरलेली. सुरूच्या झाडांखाली चादर अंथरली. आमची कल्पना अशी की समुद्रावर म्हणजे गार वारा असणारच. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

ऑक्टोबरच्या या उकाड्याला मुंबईत सगळे ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात, पण त्याचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. पाऊस मुंबईतून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. आभाळ मोकळे होते, ऊन थेट पडते आणि जमिनीत मुरलेली ओल वाफ होऊन हवेत राहते. जून ते सप्टेंबर समुद्राकडून येणारा वारा आता दिशा बदलतो. सकाळी तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणजे कोरडा आणि तापलेला. समुद्रावरचा गार वारा सुरू व्हायला दुपार उलटावी लागते, कधी दोन-तीनही वाजतात. पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, काही दिवशी ३६च्या वर जातो. आकडा मे महिन्याएवढाच किंवा थोडा जास्तच, पण मे महिन्यात समुद्राचा वारा तरी सोबतीला असतो. दिवाळी नोव्हेंबरात आली तर पहाटे थोडी थंडी मिळते, दुपार तशीच. तेव्हा किनाऱ्यावर जायचे तर एक तर सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. आम्ही नेमके मधल्या वेळेत जाऊन बसलो होतो.

अकराच्या सुमारास आईला घेरी आली. सकाळपासून तिने पाणी प्यायले नव्हते. प्रवासात आडोसा कुठे शोधायचा, या संकोचाने आपल्या बायका पाणीच पीत नाहीत. ही गोष्ट कुठल्याच सहलीच्या माहितीत लिहिलेली नसते. सौ.ने तिला आडवे केले, आम्ही पदर ओला करून कपाळावर ठेवला. मीठ-साखरेचे पाणी करायला मीठ होते ते उकडलेल्या अंड्यांसाठी पुडीत बांधून आणलेले. या सगळ्यात पाच-सात मिनिटे गेली असतील. वळून पाहिले तर धाकटी जागेवर नव्हती.

ती दिसत होती, लांब. वाळूच्या एका उंचवट्यावर बसून किल्ला करत होती, आमच्याकडे पाठ. आणि तिच्या व आमच्या मध्ये पाणी होते.

पाणी समोरून येते असे आम्ही धरून चाललो होतो. सपाट किनाऱ्यावर तसे होत नाही. वाळूत लांबच लांब खोलगट पट्टे असतात आणि त्यांच्या पुढे उंचवटे. भरतीचे पाणी आधी बाजूने त्या खोलगट भागात शिरते. उंचवटा कोरडाच राहतो, त्यावरच्या माणसाला वाटते समुद्र अजून पुढे आहे, आणि मागची वाट बुडालेली असते. आम्ही धावलो. गुडघ्याएवढे वाटलेले पाणी चार पावलांत कमरेला लागले आणि पाय सरकले. आम्हाला पोहता येत नाही. हे लिहायला लाज वाटते, पण आमच्या गावी ज्या विहिरीत गावची मुले पोहायला शिकली, तिच्या काठावर आमच्या वडिलांच्या पिढीला उभे राहू दिले जात नव्हते. मग आम्हाला कोण शिकवणार?

बोंबील वाळत घालण्यासाठी बांबूच्या वलांडी उभ्या केल्या होत्या. तिथे काम करणारी एक कोळीण आमच्या ओरडण्याने धावत आली. साठीच्या पुढची असेल. ती सरळ आमच्या मागे पाण्यात शिरली नाही. काठाने शंभरेक पावले उत्तरेला गेली, जिथे पट्टा उथळ होता तिथून आडवी चालत उंचवट्यावर पोचली, मुलीला काखोटीला मारून त्याच वाटेने परत आली. मुलीला काही कळलेच नाही. तिला दुःख एवढेच की किल्ला अर्धा राहिला.

मावशींनी मुलीला सौ.च्या हातात दिले आणि आमच्याकडे वळून पहिला प्रश्न केला, आज तिथी कुठली? आम्ही गप्प. आमच्या घरात पंचांग नव्हते. मुहूर्त, राहुकाळ, शुभ-अशुभ हे सगळे आमच्या वडिलांनी १९५६ साली घराबाहेर टाकले ते कायमचे. मावशी हसल्या. मुहूर्तासाठी नव्हे, पाण्यासाठी विचारते, म्हणाल्या. मग बोटांवर हिशेब करून दाखवला. तो आम्ही त्याच दिवशी पाठ केला आणि वाचकांनीही करावा.

अमावास्या किंवा पौर्णिमेपासून जितकी तिथी असेल, तिला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. जो आकडा येईल, त्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. दोन बीज, दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. दिवसा जशी, तशीच रात्री. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडे मागेपुढे होते, पण सहलीला जाणाऱ्या माणसाला एवढे पुरे. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो. यात कुणाची पोथी नाही. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की दोघे मिळून पाणी ओढतात, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवीतिडवी होते, पाणी कमी चढते, कोळी त्याला भांग म्हणतात. ग्रहणाचा पुठ्ठा घेऊन मिरवणाऱ्या आम्हाला त्या रेषेची दुसरी बाजू ठाऊक नव्हती.

आता दिवाळीकडे पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पाडवा आणि भाऊबीज हे उधाणाचेच दिवस. उलट त्याच दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते, अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. भरती भर दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान. सकाळी नऊ-दहाला माणूस पोचतो तेव्हा किनारा रुंद दिसतो, पोरे लांब पळतात, आणि नेमक्या पुढच्या दोन तासांत पाणी सर्वाधिक वेगाने चढते. भरतीच्या सहा तासांतले मधले दोन तास असेच असतात. ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत तीन-चार मीटरचा फरक पडतो, म्हणजे आपल्या खोलीच्या जमिनीपासून छतापर्यंत. याउलट दसऱ्याला दशमी असते. भरती सकाळी साडेसातला, दुपारी ओहोटी, आणि पाणीही बेताचे. अशोक विजयादशमीला ज्यांना नागपूरला जाणे जमत नाही, त्यांनी पोराबाळांना समुद्र दाखवायला तो दिवस दिवाळीपेक्षा चांगला. ओहोटीच्या वेळी मात्र पाणी बाहेर ओढते, म्हणून पाय बुडतील एवढ्यातच राहावे.

पावसाळ्यानंतरच्या किनाऱ्याचे आणखी एक. जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात. ती परत यायला पुढचे काही महिने लागतात. म्हणून ऑक्टोबरात मागल्या उन्हाळ्यात पाहिलेली सपाट जागा खड्ड्याखड्ड्यांची असू शकते. लाटा जुलैपेक्षा शांत झालेल्या असतात आणि त्या शांतपणालाच माणूस फसतो. जेलीफिश आणि पाकटही पावसाळ्याच्या शेवटी काठाजवळ येतात. वाळूवर निळसर फुग्यासारखे काही दिसले तर मुलांना हात लावू देऊ नये. डंख झालाच तर चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

आणि पाऊस गेला म्हणून वादळ गेले असे नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. ओखी तर आपल्यापैकी कित्येकांनी अंगावर घेतले आहे. डिसेंबर २०१७, महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशी शिवाजी पार्कात चिखल झाला, मंडप भिजले, आणि गावोगावहून आलेल्या अनुयायांना महापालिकेच्या शाळांत आसरा घ्यावा लागला. तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री बातम्यांतला हवामानाचा अंदाज ऐकावा. बंदरावर धोक्याचा बावटा असेल तर होडीचा विचार सोडावा.

त्या दिवशी संध्याकाळी थोरला पार्कातून आला तो बडबडतच. आकाशपाळणा, भुताचे घर, काय काय. आमच्यापैकी कोणीच फार बोलत नव्हते. धाकटीने त्याला सांगितले, मी घोड्यावर बसले आणि एका आजीने मला उचलले. मावशींना पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. मग सौ.ने त्यांच्याकडून दोन किलो सुके बोंबील घेतले, गरज नसताना. पुढे तीन महिने घरात तेच चालले. धाकटीचे पुढच्या वर्षीचे तिकीट मात्र आम्ही काढले. त्यासाठी दोन महिने रविवारचे मटण बंद होते.

आज ती छत्तीस वर्षांची झाली. आता तिच्या मुलाला घेऊन आम्ही जातो ते पॅगोड्याला. जोधपूरच्या दगडाचे एकावर एक सांधे बसवून केलेला तो घुमट, आत एकही खांब नाही, आठ हजार माणसे बसतील एवढे दालन. म्यानमारच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर तो बांधला आहे. ऑक्टोबरच्या दुपारी बाहेरची फरशी तापते, पण सावलीत जरा जीव थंड होतो, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या सुमारास गर्दी जास्त. पण ती पौर्णिमाच, म्हणजे दुपारी बाराला उधाणाची भरती. त्या दिवशी पॅगोडा सकाळी पाहावा आणि किनाऱ्यावर चारनंतर उतरावे. येताना शेवटची होडी किती वाजता, हे जातानाच विचारून ठेवावे.

गेल्या खेपेला परतताना होडीची वाट पाहत उभे होतो. नातवाने चिखलातल्या खुंटावरची ओली रेघ दाखवून विचारले, आजोबा, पाणी कुठे गेले? आम्ही काही बोलण्याआधी त्याची आई खाली बसली, त्याचा पंजा उघडला आणि म्हणाली, आज नवमी ना, मोज बघू. नऊ त्रिक किती?