पंचाहत्तर टक्क्यांची हजेरी

विद्यार्थ्याने वर्गात किती हजर राहावे, या प्रश्नाचे उत्तर भारतातील विद्यापीठे बहुधा एकाच आकड्यात देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३ च्या विनियमांनी परीक्षेस बसण्यासाठी लागणारी उपस्थिती ठरवण्याचे काम विद्यापीठांवर सोपवले, पण ती सामान्यतः ७५ टक्क्यांहून कमी नसावी असेही सांगून ठेवले. वैद्यकीय शाखेत प्रात्यक्षिकांसाठी हीच मर्यादा ८० टक्क्यांपर्यंत चढते आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विधी शाखेत ती ७० टक्क्यांवर येते. तीन चतुर्थांश व्याख्याने ऐकणाऱ्याला विषय समजतो आणि दोन तृतीयांश ऐकणाऱ्याला समजत नाही, असे कोणताही अनुभवी अध्यापक म्हणणार नाही. तरीही हा आकडा टिकून आहे, आणि त्याचे कारण अध्यापनशास्त्रापेक्षा विद्यापीठांच्या जन्मकथेत अधिक सापडते.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, म्हणजे शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी विभागणी सुरुवातीपासूनच ठरलेली होती. ज्या संस्थेला विद्यार्थी प्रत्यक्ष दिसतच नाही, तिला तो शिकला आहे याचा दाखला दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावा लागतो. महाविद्यालयाने दिलेले सत्रपूर्तीचे प्रमाणपत्र हा तो दाखला, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आजही ऐकू येणारे ‘टर्म भरणे’, ‘टर्म ग्रँट होणे’ हे शब्दप्रयोग त्याच व्यवस्थेचे वारस आहेत. लंडन विद्यापीठाने स्वतः १८५८ मध्येच बहुतेक पदव्यांसाठी महाविद्यालयीन शिक्षणाच्या दाखल्याची अट सोडून दिली, हा इतिहासातला एक गमतीचा भाग. सत्र भरण्याची कल्पना त्याच शहरातील बॅरिस्टरीच्या शिक्षणात किती औपचारिक झाली होती हे गांधींच्या आत्मकथेवरून कळते: तेथे सत्र भरणे म्हणजे प्रत्येक सत्रात होणाऱ्या सुमारे चोवीस भोजनांपैकी निदान सहांना उपस्थित राहणे. तेव्हा हजेरी ही मुळात एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला दिलेली हमी होती, आणि अध्यापक व विद्यार्थी यांच्यातील कराराचे रूप तिला पुढेही फारसे आले नाही.

याचा परिणाम सत्राच्या अखेरीस दिसतो. वर्षभर कोणी फारसे न विचारलेला हजेरीपट परीक्षेच्या तोंडावर अचानक बाहेर येतो, सूचनाफलकावर ‘डिफॉल्टर लिस्ट’ लागते, पालकांना बोलावणे जाते, आणि मग वैद्यकीय प्रमाणपत्रे, हमीपत्रे, विभागप्रमुखांच्या खोलीबाहेरच्या रांगा आणि शेवटी ‘या वेळेपुरते’ दिलेले अभय असा क्रम ठरल्याप्रमाणे पार पडतो. नियम कागदावर कडक आणि अंमलात सैल असला की विद्यार्थी नियम पाळायला शिकत नाही, त्याविषयी वाटाघाटी करायला शिकतो. नागरी जीवनाचे हे प्रशिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसले तरी ते सर्वांत परिणामकारक ठरते. मित्राच्या क्रमांकाला ‘प्रेझेंट’ म्हणण्याची, म्हणजे प्रॉक्सीची प्रथाही याच मातीतली. तिच्यावर उपाय म्हणून यंत्रे आली, आणि खासगी शिकवणी वर्गांशी संधान बांधून केवळ नावापुरती चालणारी कनिष्ठ महाविद्यालये रोखण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेशही काढला. पण अंगठ्याचा ठसा फार तर विद्यार्थी इमारतीत आला एवढेच सांगू शकतो.

याच्या अगदी उलट टोकाला जर्मन परंपरा उभी आहे. बर्लिन विद्यापीठाच्या १८१० मधील स्थापनेशी आणि विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या परंपरेत ‘लर्नफ्रायहाइट’ म्हणजे शिकण्याचे स्वातंत्र्य हे तत्त्व महत्त्वाचे मानले जाते: कोणाची व्याख्याने ऐकायची आणि कोणत्या क्रमाने, हे प्रौढ विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्याने २०१४ मध्ये कायद्यानेच सक्तीच्या हजेरीला मनाई केली. प्रयोगशाळा, भाषावर्ग, अभ्याससहली अशा मोजक्या प्रकारांना तेवढी सूट होती. चर्चासत्रांत माणसेच येत नाहीत, अशी अध्यापकांची तक्रार मात्र कायम राहिली आणि २०१९ मध्ये ती मनाई उठवली गेली. या प्रसंगातून सक्तीच योग्य होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, पण व्याख्यान आणि चर्चासत्र या दोन गोष्टींना एकच नियम लावता येत नाही एवढे त्यातून निश्चित दिसते.

कारण हजेरीचा खरा प्रश्न विद्यार्थी आणि कार्यालय यांच्यातला नसून विद्यार्थी आणि त्याचे सहाध्यायी यांच्यातला आहे. जेथे अध्यापक वर्षानुवर्षे त्याच टिपणांचे श्रुतलेखन देतो, तेथे न आलेल्या विद्यार्थ्याने कोणाचेच काही नेलेले नसते, आणि त्याने ती टिपणे झेरॉक्सच्या दुकानातून मिळवली तर त्याला दोष देणे अवघड आहे. परंतु जेथे एखाद्या उताऱ्याचे वाचन चालते, गणिताची सिद्धता फळ्यावर सर्वांच्या देखत मांडली, मोडली आणि पुन्हा उभी केली जाते, किंवा प्रयोगशाळेत दोघांनी मिळून एक उपकरण हाताळायचे असते, तेथे प्रत्येकाचे शिकणे दुसऱ्याच्या असण्यावर अवलंबून राहते. नाटकाच्या तालमीला एक नट आला नाही तर इतरांची तालीमही अर्धवट होते, तसेच हे आहे. वर्गातील वर्तनाच्या अपेक्षा याच दृष्टीने पाहिल्या तर त्यांचा अर्थ लागतो. उशिरा येणे, मागच्या बाकावरची कुजबुज, बाकाखाली उजळलेला भ्रमणध्वनीचा पडदा यांनी अध्यापकाचा अपमान होतो असे समजण्याची आपल्याकडे सवय आहे, पण अपमान तो सहन करू शकतो. भंग पावते ते लक्ष, आणि लक्ष ही वर्गाची सामाईक मालमत्ता असते. याच कारणाने शंका न विचारणारा शांत वर्ग शिस्तीचा नमुना मानणे चुकीचे आहे. अध्यापकाला थांबवून प्रश्न विचारणारा, कधी त्याच्या विधानाशी असहमत होणारा विद्यार्थी त्या सामाईक लक्षात भर घालतो, आणि सत्रभर बिनचूक हजेरी लावून एक शब्दही न बोलणारा, जर संकोचाने नव्हे तर बेफिकिरीने गप्प असेल, तर हजेरीपटावर उपस्थित असूनही वर्गात नसतो.

अर्थात सर्वांना वर्गात येणे सारखेच सोपे नसते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय ठेवली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थ्याचे श्रम शिक्षणाच्या आड येऊ न देता त्याच्या पोटात घेतले गेले. या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला टक्क्यांत बसवण्याआधी वेळापत्रक त्याच्या आयुष्यात बसवण्याचा विचार झाला. आजच्या नियमांत अपवादाचे कलम असते. वेळापत्रकाचा असा विचार क्वचितच असतो.

शिक्षेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. दिल्लीतील एका विधी विद्यार्थ्याला अपुऱ्या हजेरीमुळे परीक्षेस बसू दिले नाही आणि २०१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, विधी शाखेच्या विद्यार्थ्याला केवळ हजेरीच्या कारणाने परीक्षेपासून रोखू नये, असा निर्णय दिला. या निर्णयाने वर्ग ओस पडतील अशी भीती व्यक्त करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: जो वर्ग केवळ परीक्षाबंदीच्या भयाने भरत होता, तो त्या अर्थाने आधीच ओस होता. सहाध्यायांच्या तालमीला न आलेल्याकडून ती उणीव भरून घ्यायची असेल तर जास्तीचे प्रात्यक्षिक, लेखी काम किंवा चर्चेतील सहभागाचे गुण यांचा मार्ग खुला आहे, आणि तो सत्राच्या मध्यावरच वापरता येतो.

हजेरीच्या टक्केवारीत छेद म्हणून जी संख्या घेतली जाते ती प्रत्यक्ष झालेल्या तासांची असते, व्हायला हवे होते त्या तासांची नसते, ही बाबही सहसा चर्चेत येत नाही. रिक्त पदांमुळे न झालेली व्याख्याने, निवडणूक किंवा परीक्षेच्या कामासाठी बोलावलेले प्राध्यापक, ऐनवेळी रद्द झालेला तास यांची नोंद विद्यार्थ्याच्या बाजूने कोठेच जमा होत नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावर नेमलेले, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारे अध्यापक वाहतात. त्यांची हजेरी विद्यार्थ्यांच्या हजेरीपेक्षा कितीतरी काटेकोरपणे मोजली जाते, आणि पुढील सत्रात आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसतानाही दर तासाच्या सुरुवातीला समोरच्यांची नावे पुकारण्याचे काम त्यांनाच करावे लागते.