तीन पट्टे

भिंतीचा रंग हा काय लिहायचा विषय आहे, असं म्हणाल. आहे.

जिवतीच्या डोंगरावर रमाई आवासचं आमचं घरकुल उभं राहिलं. एक खोली, एक खिडकी. 1972 च्या दुष्काळात आजा मराठवाडा सोडून इथं आला. सोडलेल्या गावात पांढरीवर, म्हणजे गावठाणात, त्याला जागा नव्हती. वस्ती वेशीबाहेर. इथं त्यानं कुडाला माती लिंपली आन् राहिला.

मी रंग बघायला दुकानात गेलो. दुकानदारानं न विचारता निळा डबा पुढं केला. "तुम्हा लोकांना हाच लागतो ना?"

खरं सांगतो, मला निळाच हवा होता. 1942 च्या फेडरेशनपासून तो आपल्या झेंड्याचा रंग. पण त्याच्या तोंडून ऐकला आन् मन कडू झालं. म्हणालो, "दुसरे दाखवा." क्रीम, बदामी, बिस्किटी, हस्तिदंती. सगळे भाऊ-भाऊ. भाव ऐकला आन् चुना, पिवडी, गेरू घेऊन घरी आलो.

मी जिनिंगमध्ये कामाला. पहिल्या वेच्याचा कापूस शुभ्र, पावसात भिजलेला पिवळट. त्यावर भाव पडतो. तेव्हा पांढऱ्यातला फरक डोळ्याला कळतो.

चुना रात्रभर भिजवला, गाळला, सरस घातला. भिंतीवर तीन पट्टे ओढले. एकात पिवडीची चिमूट, एकात गेरूची, एकात दोन्ही. ओले होते तोवर गडद, वाळले तसे फिके. पिवडीचा पट्टा सकाळी लोण्यासारखा, रात्री बल्बखाली पिवळाजर्द. गेरूचा दिवसा फिक्कट, रात्री गुलाबी. तिसरा दोन्ही वेळा जवळपास तसाच.

माय मजुरीवरून आली. काही बोलली नाही. बाबासाहेबांचा फोटो काढला आन् एकेका पट्ट्यावर धरला. तिसऱ्यावर कोटाचा निळा उठून आला.

"हा दे. आपल्या कुडाच्या मातीवानी हाय."

"निळा नको का माय?"

"निळ्यावर निळं दिसंल का लेकरा? बाबासायब भिंतीत हरवतील."

मी गप्प बसलो. निळा दुकानदारानं ठरवला होता. तो नको, हे मी रागानं ठरवलं. म्हणजे दोन्ही वेळा ठरवणारा तोच. मायनं त्याला मधी घेतलंच नाही. तिनं भिंत पाहिली, फोटो पाहिला.

चळवळीत आपण किती गोष्टी नुसत्या त्यांच्या उलट म्हणून करतो, हे त्या रात्री मोजत बसलो.

सकाळी दोघांनी मिळून दोन हात मारले.