बुडख्यानंतरचं पान

झाड आणि मूल बरोबरीनं वाढतात, ही चित्रपुस्तकांची आवडती कल्पना. शेल सिल्व्हरस्टाइनचं ‘द गिव्हिंग ट्री’ हे त्यातलं फार गाजलेलं पुस्तक, १९६४ सालचं. सफरचंदाचं एक झाड, एक मुलगा आणि काळ्या रेघांची साधी चित्रं. मुलगा आधी फांद्यांना झोके घेतो. मोठा होतो तसा विकायला सफरचंदं नेतो, मग घरासाठी फांद्या, नावेसाठी खोड. म्हातारा होऊन परततो तेव्हा बसायला फक्त बुडखा उरलेला असतो. लेखक मात्र त्याला शेवटपर्यंत ‘मुलगा’च म्हणतो.

हे प्रेम की शोषण, यावर वाचक इतकी वर्षं भांडत आले आहेत. पुण्यातल्या माझ्या मित्रांना त्या झाडात आई दिसते. मला आमचा बांध दिसतो. माझं गाव सिद्धेश्वर, हिंगोली जिल्ह्यात, पूर्णेवरच्या धरणाजवळ. आमच्याकडे बांधावरचं झाड सावली देतं, तसंच अडीनडीला पैसेही देतं. मी इंजिनिअरिंगला गेलो, त्या वर्षी आमचा लिंब विकला. सकाळी तोडणारे आले, दुपारपर्यंत ट्रॉली भरली. वडील त्याबद्दल नंतर एक शब्द बोलले नाहीत. आपल्या फीसाठी तुटलेल्या झाडाचं ओझं कुठं ठेवायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी ते पुस्तक गावी नेलं आणि सहा वर्षांच्या पुतणीला मराठीत सांगत चित्रं दाखवली. शेवटच्या पानावर तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बुडख्यावर बोट ठेवून म्हणाली, “काका, ह्याला फुटवे नाई आले का?”

समीक्षकांच्या वादात हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आला नव्हता. लिंब तोडला तरी मुळं जिवंत असतात. पावसाळ्यात बुडख्याच्या कडेनं धुमारे फुटतात. त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे छाटले आणि शेळ्यांपासून राखला, तर पुन्हा झाड उभं राहतं. आमच्या लिंबाचंही तेच झालं. वडिलांनी त्याच्याभोवती बाभळीच्या काट्या लावल्या, दरवर्षी बदलल्या. आज त्या झाडाखाली बैलजोडी बसते. पुतणीनं झाड पाहिलं ते हेच. तिच्या लेखी बुडखा म्हणजे शेवट नाही.

ज्याँ जिओनोच्या ‘झाडं लावणारा माणूस’मधला मेंढपाळ वर्षानुवर्षं उजाड डोंगरावर ओकच्या बिया पेरत राहतो. माधुरी पुरंदरे यांनी ती गोष्ट मराठीत आणली. तिथं माणूस देतो आणि झाडं वाढतात. या दोन पुस्तकांच्या मधली गोष्ट मात्र मला अजून चित्रात सापडलेली नाही: गरजेपोटी झाड तोडावं लागलं, आणि ज्यानं तोडायला होकार दिला त्यानंच फुटवा राखला. आमच्याकडची मुलं याच गोष्टीत मोठी होतात. ती काढायला फार रंगही लागणार नाहीत. एक बुडखा, दोन हिरवी पानं आणि भोवती काट्या.