फोन लागला का?

हा बटनाचा फोन. गावात त्याला 'साधा' म्हणतात, कारण आता घरात 'टचचा'ही आला आहे. अंगानं ठेंगणा, पाठीचं झाकण रबरानं आवळलेलं, मधल्या बटनांवरचे आकडे पुसलेले. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा एक फोन बाईच्या पिशवीतून कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावच्या फडात जातो आणि त्याचा जोडीदार आजीपाशी, नातवंडांच्या सोबतीला राहतो. फडात कोयता चालू असताना तो मुका. फडावरच्या झोपडीपुढं, म्हणजे कोपीपुढं, चूल पेटली की त्याला कंठ फुटतो.

जन्मनाव ग्रीक. 'टेले' म्हणजे दूर, 'फोने' म्हणजे आवाज. सावरकरांच्या भाषाशुद्धीत त्याचा 'दूरध्वनी' झाला, आणि तो खिशात हिंडू लागल्यावर 'भ्रमणध्वनी'. हा शब्द लग्नपत्रिकेच्या तळाशी आणि सरकारी अर्जावर भेटतो, तांड्यावर कुणाच्या तोंडी नाही. मला त्याची हळहळ वाटते. वर्षातले पाच-सहा महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या माणसांइतका हा शब्द दुसऱ्या कुणाला शोभला असता? पण इंग्रजीनंच 'टेलिफोन'मधलं 'दूर' गाळलं होतं, त्यामुळे आपल्याकडं रुळला तो नुसता 'आवाज'.

या खिशातल्या फोनआधी एसटीडीचा जमाना होता. भारतात थेट नंबर फिरवून परगावी बोलायची ती सोय 1960 मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. पुढं गावोगावच्या स्टँडवर पिवळ्या पाट्या लागल्या, आणि 'एसटीडी' हे त्या टपरीचंच नाव झालं.

नाव बाहेरचं असलं तरी क्रियापदं मात्र अस्सल मराठी. फोन लावायचा, उचलायचा, ठेवायचा. उचलायला रिसीव्हर उरला नाही, ठेवायला जागा उरली नाही, तरी "ठेवू का?" असं विचारल्याशिवाय आजी बोलणं संपवत नाही. या जिल्ह्यात 'उचल'ला आणखी एक वजन आहे: हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत फडावर राबायचं. ज्यानं उचल घेतली, त्याला मुकादमाचा फोन उचलावाच लागतो.

सगळ्यांत मोठं क्रियापद 'लागणं'. ओढ लागते, उचकी लागते, तसा फोन लागतो. लावणं आपल्या हातात, लागणं नाही. बालाघाटाच्या दऱ्याखोऱ्यांत रेंज नसली की पोर टेकाडावर चढतं आणि खालून आजी विचारते, "लागला का रं?"

मिसकॉल ही त्यानं शिकवलेली बिनपैशाची भाषा. एकदा वाजवून कापला की पोचलो, दोनदा वाजवला की तूच कर. कुठं काय समजायचं, हे ज्या त्या घरानं ठरवलेलं. 2003 मध्ये येणारे फोन फुकट झाले, तेव्हा तर आलेला फोन घेताना पैसे कापले जायची भीतीही उरली नाही.

आता टचच्या फोनवर लेकरांचं तोंड दिसतं. फडातली आई "काय करायलीस? जेवलीस का?" विचारते आणि पोरीला ताट दाखवायला लावते. चित्र अडकलं, आवाज तुटला की ती म्हणते, "ठेव, साध्यावर लावते."