पर्यायी उमेदवार

उमेदवारी अर्जांच्या छाननीचा दिवस ही वकिलांचीही परीक्षा असते. बेळगाव महापालिकेच्या एका निवडणुकीत त्या परीक्षेत आम्ही अनुत्तीर्ण झालो.

सीमाभागातील रीत वाचकांना ठाऊक आहे. मराठी मते फुटू नयेत म्हणून प्रभागातील पंचमंडळी व कार्यकर्ते एकत्र बसून एकच उमेदवार ठरवतात आणि इतर इच्छुकांची समजूत घालतात. खबरदारी म्हणून आणखी एकाचा अर्ज भरून ठेवला जातो. आम्हीही तो भरला. मात्र दोन्ही अर्जांवर सूचक एकच होता. प्रभागरचना नव्याने झाली होती आणि त्या वयोवृद्ध गृहस्थांचे नाव शेजारच्या प्रभागात गेले होते. हाती आलेली मतदारयादी कन्नडमध्ये होती. ती कोणीतरी घाईने चाळली. आम्ही स्वतः पाहिली नाही. छाननीत दोन्ही अर्ज बाद झाले. अर्ज भरण्याची मुदत संपून गेली होती. रिकामी झालेली जागा भरण्याचा मार्गच उरला नाही.

संध्याकाळी ते गृहस्थ आमच्याकडे आले. ‘‘घर आहे तिथंच आहे, वकीलसाहेब. नाव तेवढं हललं,’’ असे म्हणून ते बराच वेळ गप्प बसले.

राजकीय पक्षांना अशा प्रसंगी आधार असतो. ‘बी फॉर्म’वर मूळ उमेदवाराबरोबर पर्यायी उमेदवाराचेही नाव देता येते, पहिल्याचा अर्ज बाद झाल्यास पक्षाचे चिन्ह दुसऱ्याकडे जाते. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 52 नुसार मतदान पुढे ढकलून पक्षाला दुसरे नाव देण्यासाठी सात दिवस मिळतात. अपक्षाच्या मृत्यूने मात्र मतदान थांबत नाही. समितीचे उमेदवार कायद्याच्या दृष्टीने अपक्षच. आमची एकी लोकांच्या मनात असते, निवडणूक अधिकाऱ्याच्या कागदावर नसते.

2021 साली महापालिकेच्या 58 प्रभागांची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली आणि 35 जागा भाजपने जिंकल्या. त्या निकालाची कारणे अनेक आहेत. परंतु पक्षयंत्रणेसमोर उभे राहताना कागदपत्रांतील हयगय आम्हांला परवडणारी नाही, एवढे त्यातून निश्चित शिकावे.

जेथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे मान्य झालेले तत्त्व आहे. मराठी मतदारयादीची मागणी त्याच तत्त्वावर उभी आहे व ती आम्ही सोडणार नाही. तोवर मात्र कन्नड यादी अक्षर लावून वाचणारा माणूस प्रत्येक प्रभागात हवा, आणि प्रत्येक अर्जाला वेगळा सूचक हवा. आम्ही आता कन्नड लिपी वाचतो. अर्जावर सूचकाची सही घेण्यापूर्वी त्याचे नाव यादीत बोट ठेवून शोधतो.