‘बराबर हाये’ म्हणजे होकार नव्हे

पक्षाघातानंतर अब्बांकडे दोनच शब्द उरले आहेत : “बराबर हाये.” भूक लागली तरी तेच, पाय दुखला तरी तेच.

राळेगावच्या कापूस खरेदीत अब्बांनी उमर काट्यावर काढली. गाडी मोजायची, शेतकऱ्याला आकडा दाखवायचा आणि म्हणायचं, “बराबर हाये.” घरात आमची उर्दू. ती गेली, काट्यावरची वऱ्हाडी राहिली. अम्मी विचारते, “चाय पिओगे?” उत्तर येतं, “बराबर हाये.”

भेटायला येणारे हळूच म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. तसं नाही. याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू करते. तिथला रक्तपुरवठा तुटला की उजवे हातपाय लुळे पडतात आणि अनेकदा वाचाही जाते. समज कमीजास्त शिल्लक असते, पण मनातलं ओठांवर येत नाही. येतात ते घोटून घोटून पक्के झालेले शब्द. अब्बांना स्वतःहून एक वाक्य जुळवता येत नाही, पण सूरह फातिहा कुणी सुरू करून दिली तर पुढचे बरेच शब्द त्यांच्या तोंडून आपोआप येतात.

1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी लेबोर्न नावाचा रुग्ण तपासला. तो फक्त “टॅन टॅन” म्हणे, म्हणून त्याचं नावच टॅन पडलं होतं. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने चार वेळा पंजा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर अचूक होतं. तोंडात एकच शब्द होता, पण हिशेब शाबूत होता.

हे माहीत असणं आमच्या कामी आलं. एक नातेवाईक वावराचा विषय घेऊन आले. चार माणसांसमोर त्यांनी विचारलं, “वावर इकून टाकू ना, भाईजान?”

“बराबर हाये.”

“झालं, हो म्हणाले!”

मी उलटा प्रश्न केला. “अब्बा, वावर नहीं बेचना ना?”

“बराबर हाये.”

बैठक गप्प झाली. मग मी अब्बांचा डावा हात हातात घेतला. बेचना हो तो हाथ दबाओ, म्हटलं. हात तसाच राहिला. नहीं बेचना हो तो दबाओ, म्हटलं. बोटं दुखतील इतका जोर आला. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच विचारलं. जवाब बदलला नाही. वावर राहिलं.

असा माणूस तुमच्या घरात असेल तर प्रश्न लहान करा, एका वेळी एकच विचारा आणि उत्तराला वेळ द्या. हात, बोट, मान, चित्र, जे चालेल ते वापरा. महत्त्वाची गोष्ट सुलट आणि उलट, दोन्ही बाजूंनी विचारून बघा. वाचा-उपचार लवकर सुरू करा, आणि उशीर झाला असला तरी सोडू नका.

दिवसातून शंभरदा तेच ऐकून माणूस वैतागतो, हे खरं. म्हाताऱ्या आईबापांपुढे वैतागाचा शब्दही काढू नये, ही कुरआनची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. पण गप्प राहून सोसणं पुरेसं नाही. आवाज चढला की उतरला, नजर कुठे गेली, हात काय सांगतो, हेही बघावं लागतं. आता अम्मी न बघता सांगते, कोणतं “बराबर हाये” पाण्याचं आहे आणि कोणतं दुखण्याचं.