सातशे ब्याण्णव किलोहर्ट्झवरची मराठी

मराठी वाङ्मयेतिहासाचे जे ग्रंथ आम्ही विद्यार्थिदशेत वाचले आणि पुढे वर्गात शिकवले, त्यांत नियतकालिकांना मानाचे पान असते. संपादक, वर्गणीदार, दिवाळी अंक, लेखकाला मिळणारे मानधन, या साऱ्यांचा वाङ्मयावर झालेला परिणाम तेथे तपशिलाने नोंदवलेला असतो. आकाशवाणीच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे वाक्य येते, तेही एखाद्या लेखकाच्या नोकरीचा उल्लेख म्हणून. आमच्या मते ही उपेक्षा अकारण नाही. इतिहास कागदावरून लिहिला जातो, आणि ध्वनिक्षेपित शब्द कागदावर उरत नाही. पण जे उरले नाही ते घडलेच नाही असे मानणे वाङ्मयाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. एका केंद्राच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

१९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्याला सहा आकाशवाणी केंद्रे आली; दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. मराठी मुलखात त्यांपैकी एकच, आणि तेही अनेक भाषांना वेळ वाटून देणारे. १९४८ च्या जुलैत नागपूर केंद्र आले आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. त्या सुमारास बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवरून हद्दपार केले आणि असंख्य श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिची दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते. चित्रपटगीतांनी रिकामी केलेली वेळ कशाने तरी भरणे भाग होते, आणि त्यासाठी केंद्रांना कवी, संगीतकार व गायक यांच्या दारी जावे लागले. मराठी भावगीत त्या वेळी ऐन बहरात होते. एका सरकारी निषेधाचे फळ कवितेच्या पदरात पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

‘गीतरामायण’ या वातावरणात जन्मले. पुणे केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे नभोवाणीसाठी सलग काही लिहिण्याचा आग्रह धरला, सुधीर फडके यांनी चाली बांधल्या, आणि १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पहिले गीत प्रसारित झाले. पुढे दर आठवड्याला एक. योजना वर्षभराची, म्हणजे बावन्न गीतांची होती; त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन्न झाली. या तपशिलापाशी आम्ही दर वेळी थबकतो. महाकाव्याची लांबी पंचांगाने आणि प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाने ठरावी, हे आपल्या काव्यशास्त्रात कोठे बसते? आणि तरीही कीर्तन-पुराणाच्या परंपरेत ते अगदी सहज बसते. चातुर्मासभर चालणारी पोथी श्रोत्यांच्या सवडीनेच लांबते वा आखडते.

आज आपण ‘गीतरामायण’ शिकवतो ते पुस्तकातून. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ते १९५७ साली ग्रंथरूपाने छापले. आज आपण ते ऐकतो ते फडके यांच्या एकट्याच्या आवाजात, कारण पुढे त्यांनी केलेले कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रिका त्याच आवाजातल्या. नभोवाणीवरचे मूळ रूप मात्र अनेकमुखी होते. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक अशा निरनिराळ्या गळ्यांतून निरनिराळी पात्रे बोलत होती. पुस्तकात ती भावकविता होते. एका गायकाच्या मुखी ती कथन होते. नभोवाणीवर ती नाट्याच्या जवळ होती. तीन माध्यमे, तीन संहिता. यांपैकी पहिली सर्वांत कमी लोकांच्या स्मरणात आहे, आणि कवीने लिहिताना डोळ्यांपुढे ठेवली होती ती नेमकी हीच. पाठचिकित्सेचा इतका सुबोध धडा आमच्या वर्गांत क्वचितच दिला जातो.

माध्यमाचा परिणाम लेखकाच्या भाषेवरही होतो. पुणे केंद्राची आमच्या पिढीला पाठ झालेली जागा म्हणजे मध्यम लहरींवरील ७९२ किलोहर्ट्झ, सुमारे ३७९ मीटर. या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूर जातात आणि एकमेकींत मिसळतातही. वीज कडाडली की संचातून खरखर उठते. शिवाय या पद्धतीत आवाजाचा वरचा पट्टा कापला जातो, आणि स, श, छ यांसारख्या वर्णांचे सारे तेज त्याच पट्ट्यात असते. निवेदकाने हे वर्ण जपून उच्चारावेत, लेखकाने वाक्य आटोपशीर ठेवावे, नामाऐवजी सर्वनामाचा मोह टाळावा, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असे लिहू नये, कारण श्रोत्याला ‘वर’ नसते. हे सारे संकेत त्या खरखरीतून जन्मले. दहा मिनिटांच्या भाषणाला हजार-बाराशे शब्द पुरतात. मराठी निबंधाची पल्लेदार, पोटवाक्यांनी लगडलेली शैली या चौकटीत टिकणे शक्य नव्हते. सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदिकांच्या मुखी जी स्वच्छ, अनलंकृत मराठी रुजली, तिचे ऋण पुढच्या गद्याने मान्य करावयास हवे. व्यंकटेश माडगूळकर अनेक वर्षे याच केंद्राच्या ग्रामीण विभागात होते. त्यांच्या गद्यातील मोजकेपणा नोकरीतून आला असे आम्ही म्हणणार नाही, तो त्यांच्या स्वभावातच होता. परंतु त्या गुणाला रोजचा सराव मिळेल अशी दुसरी जागा मराठीत नव्हती.

या केंद्राच्या इतिहासातील दुसरा अध्याय वाङ्मयाच्या अभ्यासकांना जवळजवळ अपरिचित आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकावे, ऐकलेल्यावर चर्चा करावी, जमेल ते करून पाहावे आणि शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी रीत होती. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने त्याची पाहणी केली, आणि जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला. माथुर हे तेव्हा आकाशवाणीचे महासंचालक आणि ‘कोणार्क’ या हिंदी नाटकाचे लेखक. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथे श्रोत्यांच्या माहितीत फारसा फरक पडला नाही. जेथे ऐकल्यानंतर बोलणे झाले तेथे लक्षणीय भर पडली, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता.

तारखा जुळवून पाहाव्यात. ‘गीतरामायणा’चे अखेरचे महिने आणि श्रोतामंडळांचे महिने एकच आहेत. एकाच केंद्रावरून एकीकडे वाल्मीकीची कथा आणि दुसरीकडे खत, बियाणे, रोगराई यांविषयीचा संवाद जात होता. साहित्याचा इतिहासकार पहिल्याची नोंद घेतो, विकासाचा अभ्यासक दुसऱ्याची. श्रोता मात्र दोन्ही एकाच संचावर ऐकत होता. त्याच्या कानावर घडलेली मराठी या दोहोंची मिळून झालेली होती. आपल्या विद्याशाखांनी तिचे दोन तुकडे केले.

या इतिहासाची आज आठवण का करावी? जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय झाला. पुण्यातून विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. देशभरात मध्यम लहरींची प्रक्षेपके गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद होत आली आहेत; ती वीज फार खातात, सुटे भाग मिळत नाहीत आणि शहरी श्रोता केव्हाच दुसरीकडे गेला आहे. या कारणांत तथ्य आहे, आणि तंत्र जुने झाले म्हणून गळा काढण्यात आम्हांस रस नाही. आमची काळजी वेगळी आहे. चुंबकीय फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची रीत जगभरच्या नभोवाणी केंद्रांवर होती. जे टिकले त्यातले पुष्कळसे टिपणे, हस्तलिखित संहिता आणि जुन्या श्रोत्यांची स्मृती यांतच आहे. यांपैकी तिसरा साठा सर्वांत वेगाने आटतो आहे.

मराठीच्या पदव्युत्तर विभागांत दर वर्षी प्रबंधिकेसाठी विषय शोधले जातात, आणि त्याच त्या दहा कादंबऱ्यांवर पुन्हा पुन्हा लिहिले जाते. त्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील ऐंशी वर्षांच्या शेतकऱ्याला, निवृत्त शिक्षिकेला विचारावे, की तुम्ही काय ऐकत होता, कोणाबरोबर ऐकत होता आणि ऐकून झाल्यावर काय बोलत होता. यातला तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. दीडशे गावांनी सिद्ध केले होते की ऐकलेला शब्द बोलण्याने पुरा होतो. त्या बोलण्याची नोंद कोणत्याही फितीवर नाही; ती अजून काही माणसांपाशी आहे, आणि ती माणसे फार काळ थांबणार नाहीत.